सही झाल्यावरची भिंत

मला लॉफ्ट हवा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरी आलेला प्रत्येक माणूस जिना चढून वर आला की हटकून विचारतो, तुम्ही लॉफ्ट नाही का ठेवला, याच प्लॅनचं त्या अमक्यांचं घर आहे, तिथे वर किती मोकळं वाटतं. मी म्हणते, नाही ठेवला. आणि चहा टाकायला खाली येते.

लॉफ्ट म्हणजे आपल्याकडे पिंपं आणि जुनी पातेली कोंबतात तो माळा नव्हे. इथे अमेरिकेत नव्या घरांत जिना संपला की वर एक मोठी, बिनभिंतीची, कठड्याची जागा सोडतात, तिला लॉफ्ट म्हणतात. मी नाशिकला दोन खोल्यांत वाढले. अभ्यास, भांडणं, आजारपण, सगळं एकमेकांच्या अंगावर. अशा बाईला मोकळ्या जागेचं काय कौतुक असतं ते पुण्याच्या बंगल्यात स्वतःच्या खोलीचं दार लावून वाढलेल्या माणसाला कळायचं नाही. असा माणूस मी नवरा म्हणून केलाय. त्याला तिथे बंद खोली हवी होती, ऑफिसच्या कॉलसाठी. मला तिथे गाद्या टाकून मैत्रिणींबरोबर पत्ते कुटायचे होते. आम्ही त्यावरून जे भांडलो, ते आमच्या अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावरच्या मंडळींनीही ऐकलं असेल. शेवटी मी जिंकले. करारात लॉफ्ट लिहिला गेला.

सह्या केल्या त्या कॅरी या गावातल्या आमच्या नव्या वसाहतीच्या सॅम्पल घरात. बिल्डरची विक्रीची बाई तिथेच बसायची. साठीची असेल, गळ्यात चष्मा लटकवलेला, आणि ओव्हनमध्ये सदानकदा कुकीज, आलेल्या माणसाला घरात घरासारखा वास यावा म्हणून. नवरा पुण्याचा, त्यामुळे करार पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारच. वर मलाही वाचून दाखवणार. एक कलम त्याने दोनदा वाचलं. सही झाल्यावर काहीही बदलायचं असेल तर त्याची चेंज ऑर्डर काढावी लागेल, म्हणजे बदलाचा वेगळा कागद, आणि त्यावर दोघांच्याही सह्या लागतील. भिंती, दारं, खिडक्या यांचा बदल प्लॅन टाऊनकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, मंजुरीला जायच्या आत. एकदा तो गेला की भिंत हलायची नाही. तोंडी बोलणं धरलं जाणार नाही. मी म्हटलं, आमच्याकडे मिस्त्रीला दोन कप चहा पाजला की खिडकी इकडची तिकडे होते. तो म्हणाला, म्हणूनच तुमच्याकडे पावसात पाणी आत येतं. बाई आमच्याकडे बघून हसत होती, तिला वाटलं आम्ही आनंदात आहोत. होतोच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला दिवस गेले.

हे वाक्य इतकं सोपं लिहिलंय, पण त्याच्यामागे बरीच वर्षं होती. डॉक्टर झाले होते, इंजेक्शनं झाली होती, रडणं झालं होतं, आणि मग आम्ही दोघांनी न ठरवता तो विषयच बंद केला होता. मित्रमंडळींच्या घरी बारशाला जायचो, भेट द्यायचो, परत येताना गाडीत रेडिओ लावायचो. त्यामुळे त्या सकाळी बाथरूममधून बाहेर येऊन मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसलाही नाही. मग म्हणाला, कुणाला सांगायचं नाही हं.

हे त्याने सांगायची गरजच नव्हती. तिसरा महिना पूर्ण झाल्याशिवाय चकार शब्द काढायचा नाही, हे आमच्या घरात मुलींना पाढ्यांसारखं पाठ असतं. माझ्या आईने सगळ्या भाच्या-पुतण्यांना हेच बजावलंय. अगदी मलाही सांगू नका, दृष्ट माझीही लागू शकते, म्हणायची. तेव्हा दर रविवारी मी आईशी फोनवर तासभर बोलायचे आणि तेवढंच बोलायचे नाही. आज काय केलंस, कोथिंबीर मिळते का तिकडे, घराचं कुठवर आलं. मी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर प्लॅनचा फोटो पाठवला होता. तो तिने चष्मा लावून नीट पाहिला होता आणि विचारलं होतं, एवढी वरची जागा उघडीच ठेवणार का गं? मी म्हटलं होतं, हो, पत्ते खेळायला. ती म्हणाली, शहाणी आहेस.

पण घोडं अडलं ते इथेच. वर खोल्या दोनच. आमची, आणि पार दुसऱ्या टोकाला रस्त्याकडची पाहुण्यांची. बाळ काय तिकडे टाकायचं? आमच्या खोलीला लागून जागा होती ती लॉफ्टची. तिला भिंत घालायची तर प्लॅन मंजुरीला जायच्या आत सांगायला हवं, आणि ती तारीख तिसरा महिना भरायच्या आधीची. बिल्डरला आपल्या तिसऱ्या महिन्याशी काय देणंघेणं!

नवऱ्याने ऐकताक्षणी मान हलवली. नको म्हणाला. हा माणूस मांजर आडवं गेलं तर तिचा फोटो काढेल, पण या एका बाबतीत त्याच्यात त्याची आजी शिरली. बाळ यायच्या आधी आपण झबलं शिवत नाही, पाळणा आणत नाही, आणि तू सरळ खोली बांधायला निघालीस? मी म्हटलं, भिंत म्हणजे झबलं नव्हे. नंतर तोडफोड काढून बाळ कडेवर घेऊन त्या धुळीत राहायचं का? आपण सांगूया की पाहुण्यांसाठी हवी आहे. त्याला ते पटलं नाही, पण नंतर बिल्डर भिंत घालून देणार नाही हेही त्यानेच मला वाचून दाखवलं होतं. त्यामुळे आला.

सॅम्पल घरात बसून मी माझं ठरवलेलं वाक्य म्हटलं. आम्हाला लॉफ्टच्या जागी पाहुण्यांची आणखी एक खोली हवी. बाईने नकाशा पसरला, पेन्सिलीने भिंत काढली आणि म्हणाली, मग दार जिन्याच्या बाजूला काढू, पाहुण्यांना सोयीचं. मी म्हटलं, तिथे काढाच, पण एक दार आमच्या खोलीतूनही हवं. ती म्हणाली, पाहुण्यांच्या खोलीत? तुमच्या बेडरूममधून? आणि मग तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला काय झालं कोण जाणे. सख्ख्या आईपासून जे लपवलं ते मी या कुकीज भाजणाऱ्या बाईला सांगून टाकलं. ती पेन्सिल ठेवून टेबलाला वळसा घालून आली आणि मला मिठीत घेतलं. तिचे डोळे भरले होते. माझे तर वाहतच होते. नवरा नकाशाकडे बघत बसला होता, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

त्यानंतर ती जी मागे लागली! फोन करायची, फरशीचा रंग विचारायच्या निमित्ताने, आणि आधी विचारायची, तुला कसं वाटतंय, काही पोटात टिकतंय का. आल्याच्या गोळ्यांचा डबा दिला. त्या दाराला आवाज न करणाऱ्या बिजागऱ्या घाल म्हणाली, तिच्या मुलीच्या वेळी कर्रकर्र वाजणाऱ्या दारामुळे झोपलेलं बाळ उठायचं. मला मजा वाटायची, आणि आतून वाईटही. हे आईने विचारायचं सगळं एक परकी बाई विचारत होती. पण चेंज ऑर्डरवर आमच्या दोघांच्या सह्या झाल्या होत्या. नकाशावर खोली उमटली होती. नवराही बदलला. त्या भिंतीच्या जागेवर बोट ठेवून एकदा आपणहून म्हणाला, इथे पूर्वेची खिडकी आहे, सकाळचं कोवळं ऊन येईल त्याच्या अंगावर. त्याच्या, म्हणाला. मला त्या शब्दालाही धक्का लावायचा नव्हता.

मग तपासणीला गेलो. पडद्यावर चित्र दाखवणारी मुलगी आधी छान बोलत होती. पार्किंग मिळालं का, आज गरम आहे ना. मग बोलायची थांबली. डॉक्टरांना बोलावते म्हणाली. मी नवऱ्याकडे पाहिलं तर तो पडद्याकडेच बघत होता, अजून कळलं नव्हतं त्याला. डॉक्टर आल्या, त्यांनीही पाहिलं, आणि फार हळू आवाजात सांगितलं की ठोके नाहीत. त्यांनी तुमची काही चूक नाही हे इतक्यांदा सांगितलं की मला ओरडावंसं वाटलं, मला चूक नकोय, मला मूल हवंय.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्या रविवारीही आईचा फोन आला. तिने विचारलं आवाज का असा, मी म्हटलं सर्दी आहे. सुंठीचा काढा कसा करायचा ते तिने मला सविस्तर सांगितलं. मी हो हो म्हणत राहिले. जिला हंबरडा फोडून सांगायचं तिला मी सुंठ किती घालायची ते विचारत होते. कारण जे आहे हेच सांगितलं नव्हतं, ते गेलं कसं सांगायचं? आमच्या लोकांनी हा नियम करताना याचा विचारच केला नाही. आनंद झाकून ठेवायचा म्हणतात, पण तो गेला की दुःखही झाकलेलंच राहतं, हे कुणी सांगितलं नाही. ऑफिसात मी पोट बिघडलं म्हणून सुट्टी टाकली होती.

काही दिवसांनी संध्याकाळी नवऱ्याने एक कागद माझ्यासमोर ठेवला. नवी चेंज ऑर्डर. खोली रद्द, परत लॉफ्ट. प्लॅन अजून मंजुरीला गेला नव्हता, दोन दिवस हातात होते. त्याने त्या बाईला मेल केला होता, आणि तिने एक प्रश्न न विचारता कागद पाठवला होता. त्यावर त्याची सही आधीच होती.

"तुझी तेवढी राहिलीय," तो म्हणाला.

"मी नाही करणार."

"तुला लॉफ्टच हवा होता ना? तू किती भांडलीस माझ्याशी."

"तेव्हा हवा होता."

"अगं, आपल्या खोलीतून दार आहे त्याला. रोज सकाळी डोळे उघडले की समोर ते दार. कशाला?"

मग मात्र माझा संताप अनावर झाला. मी म्हटलं, या अख्ख्या जगात ते होतं हे कुणाला माहीत आहे, सांग. तुझ्या आईला? माझ्या आईला? कुणी ओटी भरली? कुणी रडायला आलं? डॉक्टरकडे होतं ते पुसलं. आता एक भिंत राहिलीय. ती पण तू पुसून टाक, म्हणजे झालं. म्हणजे काही नव्हतंच.

तो म्हणाला, मला ते रोज बघवणार नाही. एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मी आणखी भांडले असते. कागद तिथेच टेबलावर पडून राहिला, आम्ही त्याच्या शेजारी ताटं ठेवून जेवलो. दोन सह्यांशिवाय बदल होत नाही, आणि मी सही केली नाही. प्लॅन मंजुरीला गेला.

घर उभं राहताना आम्ही फारसे गेलो नाही. एकदाच, लाकडाचा सांगाडा झाल्यावर, आतली फळी मारायच्या आधी दाखवायला त्यांनी बोलावलं तेव्हा. ती बाईही आली होती, त्या मेलवरूनच ती काय ते समजली होती. भिंतीत नुसते उभे खांब होते, आरपार दिसत होतं. ती माझा हात धरून त्या खोलीत उभी राहिली आणि म्हणाली, मी रोज प्रार्थना करते. ती अन् मी तिथे रडलो. नवरा खाली नळांच्या जागा बघत होता. नंतर आमच्या वसाहतीतली घरं विकून संपली आणि ती दुसऱ्या गावच्या वसाहतीवर गेली. माझ्या बाळाला ओळखणारं एकच माणूस होतं, तेही गेलं.

वास्तुशांतीला आई आली. पहिल्यांदाच अमेरिकेत. बाबा गेल्यापासून ती भावाकडे असते. तिथे तिला कुणी वाईट वागवत नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण फ्लॅट लहान. ती हॉलमध्ये झोपते. सगळ्यांचा टीव्ही संपल्यावर गादी घालायची, सगळे उठायच्या आत उचलायची. तिच्या साड्या नातवाच्या कपाटात खालच्या कप्प्यात. दुपारी पाठ टेकावीशी वाटली तर कुणी येणार नाही ना हे आधी बघायचं. तिने कधी तक्रार केली नाही. मला हे वहिनीकडूनच कळलं, तिलाही वाईट वाटतं.

तिची बॅग आम्ही रस्त्याकडच्या पाहुण्यांच्या खोलीत ठेवली. मी खाली चहा करत होते आणि ती एकटीच घर बघत वर हिंडत होती. बराच वेळ काही आवाज नाही म्हणून मी वर गेले. ती त्या मधल्या खोलीत उभी होती. खोली रिकामी होती, आम्ही तिथे काही म्हणजे काही ठेवलं नव्हतं. आई आमच्या बाजूचं दार उघडून पुन्हा लावत होती, पुन्हा उघडत होती. दार अजिबात वाजत नव्हतं.

"फोटोत तर इथे भिंत नव्हती," ती म्हणाली. "मोकळं होतं सगळं. पत्त्यांसाठी."

मी म्हटलं, हो, नंतर बदललं. वाटलं, कळलं हिला. आईच ती, तिला कळणारच. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आता ही विचारणार, मग मी तिच्या मांडीत डोकं घालणार, आणि जे इतके महिने दाबून ठेवलंय ते सगळं बाहेर पडणार.

आईचे डोळे भरून आले. "मी म्हटलं होतं ना तुला फोनवर, एवढ्या मोठ्या घरात मला एकटीला भीती वाटेल रात्रीची," ती म्हणाली. "म्हणून तुझ्या खोलीतून दार ठेवलंस? कागद झाले होते तरी बदलून घेतलंस माझ्यासाठी?"

खरंच म्हणाली होती ती तसं. मी विसरूनही गेले होते.

ती खोलीच्या मधोमध कार्पेटवरच बसली. हाताने कार्पेट चाचपत म्हणाली, माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला खोली हवी का असं कधी कुणी विचारलं नाही गं. सासरी नाही, नंतर नाही. मलाही कधी सुचलं नाही मागायचं. तिच्या तोंडावर जो आनंद होता तो मी याआधी कधी बघितलेला नाही, माझ्या लग्नातही नाही. मागे जिन्यावर नवरा आला होता. तो माझ्याकडे बघत होता. मी काय म्हणणार याची तो वाट बघत होता.

माझ्या तोंडाशी आलं होतं, आई, एक होतं गं. इथे झोपायचं होतं ते.

"हो आई," मी म्हटलं, "तुझ्यासाठीच केली."

त्याच दुपारी तिने मावशीला फोन लावला. मी शेजारी तिच्या साड्या कपाटात लावत होते. अगं, करार झाला होता, सह्या झाल्या होत्या, इकडे एकदा सही झाली की कुणी बदलून देत नाही म्हणे, तरी पोरीने आईसाठी भिंत घालून घेतली, असं ती मावशीला परत परत सांगत होती. पलीकडून मावशीही कौतुक करत असणार. मग फोन ठेवून ती माझ्याकडे वळली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "देव करो नि तुझी कूस उजवो. बाळ झालं की मी लगेच सोडीन हं ही खोली. त्याला लागेल ना."

मी म्हटलं, "नाही आई. ही तुझीच."

"मग बाळ कुठे निजवशील?"

"आमच्याजवळ."

तिला ते पटलं, लहान बाळ आईच्या कुशीतच हवं म्हणाली. मी तिच्या साड्यांच्या घड्या तशाच सोडून गॅरेजमध्ये गेले, गाडीत बसले, काचा वर केल्या आणि रडले. डॉक्टरकडे रडले नव्हते इतकी रडले. थोड्या वेळाने नवरा आला, शेजारच्या सीटवर बसला. सांगूया का त्यांना, म्हणाला. मी नाही म्हटलं. तिच्याकडून ती खोली आता मी कोणत्या तोंडाने काढून घेऊ? तो हो म्हणाला आणि स्टिअरिंगवर ठेवलेल्या माझ्या हातावर त्याने कपाळ टेकवलं. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं. रोज बघवणार नाही म्हणणारा तोच होता, आणि खोली गेल्यावर माझ्याइतकाच तोही मोडला.

आई सहा महिने राहून गेली, पुढच्या वर्षी परत येऊन गेली. तिचा पलंग आहे तिथे, तिची जपमाळ, तिची औषधं. मित्रमंडळी त्या खोलीला आईची खोली म्हणतात. आता मीही म्हणते, सवय झाली. नवरा मात्र कधी म्हणत नाही. पंखा बंद करायला जाताना, खिडकी लावायला जाताना, तो नुसतं म्हणतो, बाजूच्या खोलीत जाऊन येतो. आणि पूर्वेची ती खिडकी लावायला त्याला नेहमी फार वेळ लागतो. मी हाक मारत नाही.